संस्थानिकांच्या संघाचा नागपूरकर कर्णधार

यष्टीमागे उभा राहून संघाचे नेतृत्व करणारा खेळाडू ही विदर्भाच्या क्रिकेट रसिकाला आता नवलाई राहिलेली नाही. २०२४-२५ च्या मोसमात विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा संघाचा कर्णधार अक्षय वाडकर हा यष्टिरक्षकच होता. अमरावतीचा जितेश शर्मा २०२३ मध्ये भारताकडून आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामन्यात उतरला आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये त्याने बंगळूर संघाचे काही काळ नेतृत्वही केले. अमरावती, अकोल्यासारख्या शहरांतून थेट आंतरराष्ट्रीय क्रिकेटपर्यंत जाणारी ही वाट आज रुळलेली वाटते. मात्र एक काळ असा होता की, भारतीय संघाचा कर्णधार होण्यासाठी खेळापेक्षा गादी, मुकुट आणि तोफांची सलामी यांना अधिक किंमत होती. त्या काळात नागपूरच्या एका वकिलाच्या घरातला मुलगा भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला. त्याचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू. अवघा देश त्यांना सी. के. या दोन अक्षरांनीच ओळखत असे.

नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे तेलुगू भाषक. पण पिढ्यांच्या वास्तव्याने नागपूरकर झालेले. आजोबा नारायणस्वामी नायडू हे शहरातील नामांकित वकील, तर वडील सूर्यप्रकाशराव इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन आलेले. घरात पैसा होता, प्रतिष्ठा होती, खेळाची आवडही होती. नव्हते ते राज्य. हा तपशील पुढे त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचा ठरणार होता.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा या मुलखाचा राजधानीशी व्यवहार नागपूरमार्गे सुरू झाला. कज्जे-खटले, नोकऱ्या, उच्च शिक्षण अशा सर्व गोष्टींसाठी वऱ्हाडी माणूस नागपूरकडे पाहू लागला. त्यावेळी नायडू सात-आठ वर्षांचे होते. हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत आणि शहरातील मोदी क्लबकडून खेळताना त्यांच्या फटकेबाजीची कीर्ती पसरू लागली. वऱ्हाडात त्याच सुमारास, १९१४ मध्ये, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. आखाडा, मल्लखांब आणि कुस्ती यांनी वऱ्हाडी तरुणाईला वेड लावले होते. क्रिकेट हा अजून साहेबाचा, लष्करी छावणीचा आणि वकील-डॉक्टरांच्या क्लबांचा खेळ होता. नायडूंच्या अंगात मात्र आखाड्यातील पहिलवानाची ताकद आणि क्लबातील सभ्य शिस्त या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. सहा फुटांवर उंची, ताठ कणा, सैल न पडणारी मान आणि चेंडूवर सर्व ताकदीनिशी येणारी बॅट हे त्यांचे रूप पुढे देशभर ओळखीचे झाले.

चौथा चेंडू

भारतातील प्रथम दर्जाच्या क्रिकेटचे केंद्र त्या काळी मुंबई होते आणि मुंबईतील मोठी स्पर्धा म्हणजे चौरंगी सामने. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे धर्म व वंश यांच्या नावाने संघ उतरत. आज ही रचना आपल्याला खटकते आणि तेव्हाही ती अनेकांना खटकू लागली होती. परंतु एतद्देशीय खेळाडूला गोऱ्या साहेबासमोर बरोबरीच्या नात्याने उभे राहण्याची संधी देणारे ते जवळपास एकमेव व्यासपीठ होते.

१९१६ मध्ये एकवीस वर्षांचे नायडू हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध प्रथमच उतरले. ते खेळपट्टीवर आले तेव्हा संघाची अवस्था ७ बाद ७९ अशी होती. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथा चेंडू सीमेपार भिरकावून दिला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली त्यांची पहिली धाव षटकारातून आली. संकटात आधी परिस्थिती जोखायची आणि मग प्रतिस्पर्ध्याच्या मनावरच घाव घालायचा, ही पुढील चाळीस वर्षांची त्यांची रीत त्या चार चेंडूंत दिसून आली होती.

१९२३ मध्ये इंदूरच्या होळकर दरबाराने त्यांना बोलावून घेतले आणि संस्थानच्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. त्या काळी खेळाडूला उपजीविकेसाठी असा आश्रय लागत असे. क्रिकेटमधून पोट भरेल अशी सोय नव्हती; बँक, रेल्वे किंवा मोठ्या कंपन्यांच्या नोकऱ्या पुढच्या पिढीच्या वाट्याला आल्या. पदरी खेळाडू ठेवणे हा संस्थानिकांचा शौक होता आणि खेळाडूची ती गरज होती. नायडू इंदूरला गेले, तेथेच स्थिरावले आणि इंदूर हे त्यांचे दुसरे गाव झाले. पदरी राहूनही मान न झुकवणे ही कसरत त्यांना जन्मभर करावी लागली.

जिमखान्यावरील अकरा षटकार

१९२६-२७ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. कराचीपासून सुरू झालेल्या दौऱ्यात पाहुण्यांना फारसा प्रतिकार झाला नव्हता. मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाविरुद्धचा सामना सुरू झाला तेव्हा एमसीसीने पहिल्या डावात ३६३ धावा केल्या. त्यांच्या गाय अर्ल याने आठ षटकार ठोकून मुंबईकरांना थक्क केले होते.

दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर १९२६ रोजी, नायडू फलंदाजीला आले. पुढची जवळजवळ दोन तास जिमखान्याच्या मैदानावर जे घडले ते पाहणाऱ्यांच्या पिढीने आयुष्यभर सांगितले. ११६ मिनिटांत १५३ धावा, त्यांत ११ षटकार. बातमी शहरात पसरली तशी कचेऱ्या ओस पडू लागल्या, असे वर्णन जुनी मंडळी करीत. झाडांवर, गच्चीवर, तंबूंच्या दोऱ्यांना धरून माणसे उभी होती. चेंडू जिमखान्याच्या छपरावर आदळत होता आणि प्रत्येक फटक्यागणिक राज्यकर्त्यांच्या अजिंक्यतेची भावना थोडी थोडी ढासळत होती. सामना अनिर्णित राहिला. परंतु एमसीसीने नायडू यांना चांदीची बॅट देऊन त्या खेळीचा गौरव केला.

त्या खेळीचा परिणाम एका शतकापुरता राहिला नाही. याच दौऱ्यात प्रा. दि. ब. देवधर यांनीही एमसीसीविरुद्ध १४८ धावा केल्या. भारतीय फलंदाज इंग्लंडच्या गोलंदाजीसमोर टिकू शकतात, हे गिलिगन यांनी डोळ्यांनी पाहिले. भारताने आपले मध्यवर्ती मंडळ स्थापन करावे आणि कसोटी दर्जासाठी प्रयत्न करावा, असा आग्रह त्यांनी धरला. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ अस्तित्वात आले आणि चार वर्षांनी भारताला पहिली कसोटी मिळाली. भारतीय क्रिकेटला कसोटीचा दरवाजा उघडून देणाऱ्या हातांत नागपूरच्या या फलंदाजाचे हात होते.

या काळाची एक बोच मात्र लक्षात ठेवायला हवी. भारताने पहिली कसोटी खेळली तेव्हा नायडू छत्तिशी ओलांडून गेले होते. आजचा खेळाडू ज्या वयात निवृत्तीची भाषा करू लागतो, त्या वयात त्यांचे कसोटी पदार्पण झाले. एकविशी ते पस्तिशी ही फलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे. ती देशाला कसोटी दर्जाच नसल्यामुळे आंतरराष्ट्रीय आकडेवारीत कोठेही नाहीत. त्यांच्या सात कसोटींतील ३५० धावा वाचताना हा हिशेब विसरून चालत नाही.

कर्णधार कोणी व्हायचे?

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघ निवडताना खेळाडू कोण असावेत यावर फारसा वाद नव्हता. वाद होता कर्णधार कोण यावर. देशभरचे खेळाडू परस्परांचे नेतृत्व मानणार नाहीत, एखाद्या राजपुरुषाचे मात्र सर्व जण ऐकतील, असा एक समज रूढ होता. मंडळाला पैसा पुरवणारे संस्थानिकच असल्याने तो समज सोयीचाही होता. पतियाळाचे महाराज मागे हटल्यावर पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी उपकर्णधार झाले. विजयानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, यांच्यासाठी तर उप-उपकर्णधार असे पद निर्माण करण्यात आले. त्यांनी प्रकृतीच्या कारणावरून दौऱ्यातून माघार घेतली. संघातील सर्वांत मोठ्या खेळाडूला या उतरंडीत स्थान नव्हते.

पोरबंदरच्या महाराजांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या खेळाची मर्यादा त्यांना पुरेपूर ठाऊक होती. दौऱ्यातील मोजके सामने खेळल्यावर ते स्वतःहून बाजूला झाले. लिंबडी दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. त्यामुळे लॉर्ड्सवरील कसोटीचे नेतृत्व नायडूंकडे आले. कसोटीच्या आदल्या रात्री संघातील काही खेळाडूंनी नायडूंच्या हाताखाली खेळण्यास नकार दिला आणि वरिष्ठांना मध्ये पडून त्यांची समजूत घालावी लागली, अशी हकिकत क्रिकेटच्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. आपल्यासारखाच एक खेळाडू आपल्याला आज्ञा देणार, ही गोष्ट काहींना महाराजांच्या हुकमापेक्षा जड वाटली. नायडूंचा कडक स्वभावही त्याला कारणीभूत होता. ते हसून काम करवून घेणाऱ्यांपैकी नव्हते. सैल क्षेत्ररक्षण, उशीर, कुरकुर यांना त्यांच्याकडे माफी नसे.

२५ जून १९३२ रोजी हा संघ लॉर्ड्सच्या मैदानावर उतरला. मुंबईत धर्माच्या नावाने परस्परांविरुद्ध खेळणारे हिंदू, मुस्लिम, पारशी आणि शीख खेळाडू एका कर्णधाराच्या पाठोपाठ चालत होते. सविनय कायदेभंगाच्या आंदोलनामुळे देशातील चौरंगी सामने १९३० पासून बंद होते; हजारो सत्याग्रही तुरुंगात होते. अशा वेळी अकरा भारतीयांनी एका संघाच्या रूपाने साम्राज्याच्या राजधानीत उभे राहणे याचा अर्थ धावफलकापेक्षा मोठा होता.

इंग्लंडची सलामीची जोडी होती सटक्लिफ आणि होम्स. दहाच दिवसांपूर्वी या दोघांनी यॉर्कशायरकडून ५५५ धावांची भागीदारी केली होती. महंमद निसारच्या वेगापुढे दोघांच्याही यष्ट्या उडाल्या, वूली धावचीत झाला आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. प्रतिस्पर्धी कर्णधार डग्लस जार्डिन याने डाव सावरला. ७९ धावांवर त्याला नायडूंनीच बाद केले; झेल घेतला यष्टिरक्षक जनार्दन नवले यांनी. इंग्लंडचा डाव २५९ धावांत आटोपला. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला इजा झाली होती. तरीही भारताच्या १८९ धावांत सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. दुसऱ्या डावात अमरसिंगने ५१ धावा काढून झुंज दिली. पण सामना भारताने १५८ धावांनी गमावला. हरलेल्या संघाबद्दल इंग्लंडमध्ये आदराने बोलले जाऊ लागले, हे या पराभवाचे फलित.

यष्टीमागचा माणूस

नायडूंची कहाणी सांगताना त्यांच्या यष्टिरक्षकाला विसरणे अन्यायाचे ठरेल. जनार्दन नवले हे पुण्याजवळच्या फुलगावचे, साध्या घरातले. सोळाव्या वर्षीच ते हिंदू संघाकडून यष्टीमागे उभे राहू लागले. लॉर्ड्सवर भारताच्या डावाची सुरुवात करताना त्यांनी पहिला चेंडू खेळला; म्हणजे कसोटी क्रिकेटमध्ये चेंडूला सामोरा गेलेला पहिला भारतीय फलंदाज हा यष्टिरक्षक होता. निसारसारखा वेगवान गोलंदाज आणि अमरसिंगसारखा खेळपट्टीवरून चेंडू फिरवणारा गोलंदाज, अशा दोघांसमोर दिवसभर उठाबशा काढायच्या आणि संघाची फलंदाजी आली की पुन्हा पॅड बांधून पहिल्यांदा मैदानात उतरायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. हातमोजे आजच्या मानाने पातळ होते. बोटे सुजणे हा धंद्याचाच भाग मानला जाई.

नवले दोनच कसोटी खेळले. त्यांच्या जागी १९३४ च्या कलकत्ता कसोटीत दिलावर हुसेन आले. त्यांनी डोक्याला चेंडू लागल्यानंतरही परत येऊन दोन्ही डावांत अर्धशतके केली. १९३६ मध्ये दत्ताराम हिंदळेकर आले. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये तुटपुंज्या पगारावर नोकरी करणारे हिंदळेकर १९४९ मध्ये चाळिशीतच गेले. नवले यांनाही उतारवयात एका साखर कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी करावी लागल्याचे सांगितले जाते. १९७९ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. संस्थानिकांच्या आलिशान गाड्या आणि यष्टिरक्षकाची सुजलेली बोटे ही दोन्ही दृश्ये एकाच संघातली आहेत. नायडू या दोन जगांच्या मधोमध उभे होते. दरबारी हुद्दा त्यांच्याजवळ होता. पण त्यांची किंमत मात्र नवले-हिंदळेकरांप्रमाणेच मैदानावरील कामगिरीतून रोज नव्याने सिद्ध करावी लागत होती.

१९३२ च्या दौऱ्यात ती त्यांनी पुरेपूर सिद्ध केली. प्रथम दर्जाच्या सामन्यांत १,६१८ धावा आणि ६५ बळी, तेही सव्वीसच्या सव्वीस सामने खेळून. मे महिन्यात लॉर्ड्सवरच एमसीसीविरुद्ध त्यांनी नाबाद ११८ धावा केल्या होत्या. एजबॅस्टनला त्यांनी मारलेला एक षटकार रिया नदीपार गेला आणि नदी ही दोन परगण्यांची सीमा असल्याने चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात गेला, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. विस्डेनने १९३३ मध्ये त्यांची वर्षातील पाच सर्वोत्तम खेळाडूंत निवड केली. हा मान यापूर्वी रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी यांसारख्या भारतीयांना मिळाला होता, पण ते इंग्लंडकडून खेळले होते. भारताचा खेळाडू म्हणून तो मिळवणारे नायडू पहिले.

मायदेशी कसोटी, परदेशी अपमान

१९३३-३४ मध्ये जार्डिनचा संघ भारतात आला. यावेळी कर्णधारपदाबाबत कोणतीही उतरंड मध्ये आली नाही. मुंबई जिमखान्यावर, जेथे सात वर्षांपूर्वी अकरा षटकारांचा पाऊस पडला होता, तेथेच भारतातील पहिली कसोटी झाली. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ आणि नायडू यांनी १८६ धावांची भागी केली. अमरनाथने पदार्पणातच ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले; दुसऱ्या टोकाला कर्णधार ६७ धावांपर्यंत ठाम उभा होता. भारताने तीन कसोटींपैकी दोन गमावल्या, कलकत्त्याची अनिर्णित राखली. निकाल पाहता नायडू यांनी नेतृत्व केलेल्या चार कसोटींपैकी एकही भारताने जिंकली नाही. मात्र नवख्या संघाने जार्डिनसारख्या निष्ठुर कर्णधाराविरुद्ध लढण्याचे धाडस दाखवले, ते या कर्णधाराच्या कण्यामुळे.

यानंतर १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी नायडूच कर्णधार होतील, अशी क्रिकेट जाणणाऱ्यांची अपेक्षा होती. निवड झाली विझींची. पैसा, दरबारी वजन आणि व्हाइसरॉयशी असलेली जवळीक यांच्यापुढे नायडूंचा अनुभव फिका पडला. हा दौरा भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील काळे पान ठरला. अमरनाथला कसोटीपूर्वीच मायदेशी पाठवण्यात आले. संघात गट पडले. नायडूंचा न्याहारीच्या मेजावर पाणउतारा करणाऱ्या एका खेळाडूला बक्षीस म्हणून कसोटीत स्थान मिळाले, अशी कथा पुढे अनेक वर्षे सांगितली गेली. दौऱ्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमॉन्ट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली आणि तिने विझींच्या नेतृत्वावर ठपका ठेवला.

चाळिशी गाठलेल्या नायडूंनी या सर्व काळात काय केले? ते खेळत राहिले. ज्याच्यापेक्षा आपण सर्वार्थाने श्रेष्ठ आहोत, अशा माणसाच्या हाताखाली तीनही कसोटी खेळले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत भारतावर डावाच्या पराभवाचे सावट होते. इंग्लंडचा कर्णधार गबी अॅलन याचा चेंडू अंगावर लागून नायडू कळवळले. पण मैदान सोडले नाही. त्या जखमी अवस्थेत त्यांनी ८१ धावा काढल्या. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील ती सर्वोच्च धावसंख्या आणि तीच त्यांची शेवटची कसोटी. मानहानीला त्यांनी भाषणाने वा पत्रकाने उत्तर दिले नाही. उत्तर दिले ते खेळपट्टीवर पाय रोवून.

होळकरांची फौज

कसोटी संपली तरी कारकीर्द संपली नव्हती. किंबहुना तिचे सर्वांत फलदायी पर्व इंदूरला सुरू व्हायचे होते. यशवंतराव होळकरांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या होळकर संघाची सूत्रे नायडूंकडे आली. किशोरवयात त्यांनी हेरलेले मुश्ताक अली, धाकटे बंधू सी. एस. नायडू, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे एकापेक्षा एक खेळाडू या संघात होते. मुंबईच्या मक्तेदारीला थेट आव्हान देणारा हा पहिला संघ. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा होळकर संघाने रणजी करंडक जिंकला आणि आणखी सहा वेळा अंतिम फेरी गाठली.

१९४४-४५ च्या अंतिम सामन्याची कथा तर रणजीच्या लोकसाहित्याचा भाग झाली आहे. महायुद्धात महूच्या छावणीत आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. मुंबईने विजयासाठी ८६७ धावांचे अशक्यप्राय आव्हान ठेवले, तरी नायडूंच्या संघाने हातपाय गाळले नाहीत. मुश्ताक अलीने शतक केले, कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. संघ हरला, पण पाचशेच्या उंबरठ्यापर्यंत झुंजला. पुढच्याच मोसमात बडोद्याविरुद्ध खुद्द नायडूंनी २०० धावा काढल्या. तेव्हा त्यांच्या वयाला पन्नास वर्षे पूर्ण झाली होती.

त्यांच्या शिस्तीच्या दंतकथाही याच काळातल्या. दुखापत झाली म्हणून मैदान सोडणे त्यांना मान्य नसे आणि हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. पन्नाशी उलटून गेल्यावर मुंबईविरुद्धच्या रणजी सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला, दोन दात पडले. पडलेले दात बॅटने बाजूला सारून त्यांनी पुन्हा पवित्रा घेतला आणि फडकरांनी वेग कमी करू नये अशी खूण केली, असे प्रत्यक्षदर्शी सांगत. या कठोरपणामुळे अनेक तरुण त्यांना वचकून असत. काही दुखावलेही. परंतु इंदूरच्या मातीत घडलेले खेळाडू पुढे त्यांच्याविषयी बोलताना त्याच धाकाला आपल्या यशाचे श्रेय देत.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, दरबारी आश्रय संपला. नायडू मात्र थांबले नाहीत. आंध्रच्या संघाला त्यांनी रणजीच्या पहिल्या पावलांत साथ दिली. १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशचे कर्णधार होते आणि रणजीतील आपल्या अखेरच्या डावात त्यांनी ५२ धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी, ही त्यांची शिदोरी. निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या चंद्रा नायडू यांनी देशातील अगदी सुरुवातीच्या महिला समालोचकांपैकी एक म्हणून मैदानाशी नाते जपले आणि १९९५ मध्ये वडिलांचे चरित्र लिहिले.

वारसा

मंडळाने १९७३-७४ पासून युवा खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेला सी. के. नायडू यांचे नाव दिले. १९९४ पासून दिला जाणारा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्या नावाने आहे. १९९६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. या सर्व सन्मानांत तरुणांच्या स्पर्धेला दिलेले नाव सर्वांत समर्पक वाटते. ज्या माणसाची तारुण्यातील सर्वोत्तम वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेटविना गेली, त्याच्या नावाने आजचे तरुण पुढची पायरी चढतात. अमरावतीचा किंवा अकोल्याचा एखादा मुलगा विदर्भाच्या २३ वर्षांखालील संघातून खेळतो, तेव्हा तो नायडूंच्या नावाच्या करंडकासाठीच झुंजत असतो.

विदर्भाचा संघ त्या नावाने रणजीत उतरला तो १९५७-५८ मध्ये. त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने इथले खेळाडू खेळत. नायडूंची रणजीतील कारकीर्द संपली त्याच्या पुढच्याच मोसमात विदर्भाची सुरू झाली. त्यानंतरची सहा दशके या संघाची गणना दुबळ्यांत होत राहिली. अखेर १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून नमवले आणि पहिल्यांदा रणजी करंडक उंचावला. योगायोग असा की, तो सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला. त्या सामन्यात शतक ठोकणारा अक्षय वाडकर हा यष्टिरक्षक नागपूरचा आणि प्रथम दर्जाचे पदार्पण थेट अंतिम सामन्यात करणारा आदित्य ठाकरे हा वेगवान गोलंदाज अकोल्याचा. शतकापूर्वी नागपूरहून इंदूरला गेलेल्या एका फलंदाजाच्या मैदानावर वैदर्भीय क्रिकेटला मान्यता मिळाली.

नायडू यांनी भारताला कसोटी विजय मिळवून दिला नाही. तो मिळायला १९५२ साल उजाडावे लागले आणि तेव्हा कर्णधार होते सांगलीचे विजय हजारे. नायडूंनी मिळवून दिले ते निराळेच. संघाचे नेतृत्व जन्माने नव्हे, तर खेळाने मिळवायचे असते ही गोष्ट त्यांनी स्वतः सोसून भारतीय क्रिकेटमध्ये रुजवली. १९३६ मध्ये त्यांच्याकडून कर्णधारपद हिरावले गेले, तेव्हा हा विचार हरल्यासारखा वाटला होता. पण पुढे काळाने कौल दिला तो नायडूंच्याच बाजूने. आज लहान गावातला, साध्या घरातला यष्टिरक्षक क्षेत्ररक्षण लावतो, गोलंदाज बदलतो आणि नामवंत खेळाडू त्याचा शब्द मानतात, यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. हे वावगे न वाटणे हीच नागपूरच्या त्या ताठ कण्याच्या कर्णधाराची खरी कमाई आहे.